आवाजाला लागणारं पेट्रोल

आमची फटफटी कुशाबाच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या मधे, दावणीपाशी का उभी होती, हे महाडात मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. पोस्टात विचारतात, भाजी घेताना विचारतात. अकरावीच्या वर्गात मी घर्षण शिकवत होते, तेव्हा एकदा मागच्या बाकावरूनही विचारणा झाली. उत्तर थोडक्यात द्यावं तर दोष माझा वाटतो, आणि सविस्तर द्यावं तर तो सिद्धच होतो. तरी एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आमचे यजमान गुरांचे डॉक्टर. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी हायस्कुलात पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवते. घरात बोलण्याचं काम त्यांच्याकडे आणि मोजण्याचं माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे. चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात पेट्रोल वाढलं, तेव्हा दोघांनाही भरपूर काम मिळालं.

फिरतीच्या पेट्रोलसाठी डॉक्टरांना महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. पेट्रोल वाढलं, रक्कम होती तिथेच राहिली. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, घटसर्पाची लस टोचायला चार गावांच्या चार फेऱ्या असतात. डॉक्टर पंपावरून परत आले, लागोपाठ दोन तांबे पाणी प्यायले, तेव्हाच मी वही काढली. तीन फेऱ्या पुऱ्या होत होत्या. चौथीला सव्वा लिटर कमी पडत होतं.

चौथी फेरी पोलादपूरच्या पलीकडे डोंगरावरच्या वाडीची. ती सगळ्यांत लांब, म्हणून यादीत शेवटची. आदल्या वर्षीही ती शेवटचीच होती, आणि आदल्या वर्षी फटफटीचं चाक मोडल्याने शेवटची फेरी झाली नव्हती. पाऊस लागल्यावर आठ दिवसांत वाडीतली अकरा गुरं घसे सुजून मेली. त्यांतल्या दोन म्हशी बायजा नावाच्या बाईच्या. तिच्याकडे आता एकच उरली होती. डॉक्टर एरवी फार बोलतात, पण या विषयावर नाही. जेवताना मधेच हात थांबवून "अकरा" एवढंच म्हणतात आणि पुन्हा जेवू लागतात.

तेव्हा प्रश्न असा होता: सव्वा लिटर आणायचं कुठून?

पहिला मार्ग सरळ होता. डॉक्टरांनी रक्कम वाढवून मिळावी म्हणून वरच्या कचेरीला अर्ज केला. पंधरा दिवसांनी तो परत आला. पेट्रोलचा दर वाढल्याचा दाखला जोडावा, असा शेरा होता. डॉक्टर पंपावर गेले. पंपवाला म्हणाला, "डॉक्टर, दर मी वाढवला नाही, सरकारने वाढवला. दाखला सरकारकडेच मागा." डॉक्टरांनी ते शब्दशः लिहून कळवलं. मी नको म्हणत होते. अर्ज पुन्हा परत आला, आणि या वेळी भाषा सौम्य ठेवण्याची सूचना होती.

मधल्या काळात शेजाऱ्यांना कळलं. आमच्या उजव्या हाताला रावजीभाऊ राहतात. तलाठी म्हणून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांच्याजवळ वेळ पुष्कळ आणि त्यावर हद्दीच्या खुणा नाहीत.

"वहिनी, टाकीत डांबरगोळ्या टाका. दोन. मुंबईत सगळे टाकतात."

मी त्यांना शांतपणे समजावलं, की डांबरगोळी पेट्रोलमध्ये विरघळते हे खरं, पण तिने पेट्रोल वाढत नाही. उलट बारीक नळीत ती पुन्हा गोठते आणि नळी तुंबते. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली, आणि मी शाळेत गेल्यावर टाकीत चार टाकल्या. दोन सांगितल्या होत्या, पण वहिनी शिकलेल्या, त्यांना फरक ठळक दिसावा म्हणून चार, असं नंतर म्हणाले. फटफटी तीन दिवस खोकत होती. ती जिथून जाई तिथे लोकरी कपड्यांची ट्रंक उघडल्यासारखा वास येई. मी सगळं पेट्रोल फडक्यातून गाळलं, नळ्या साफ केल्या आणि रावजीभाऊंना काही बोलले नाही. ते मात्र आठवडाभर सांगत फिरले, की उपाय लागू पडत होता, पण बाईंनी मधेच बंद केला.

वरच्या मजल्यावरच्या प्रयागबाईंचं म्हणणं निराळं होतं. "अहो, डॉक्टरांना आधी बारीक करा. एवढा माणूस ओढायचा म्हणजे यंत्राला काय कमी पडतं?"

हे त्यांनी टोमण्याने म्हटलं होतं. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं, म्हणून मी लिहून घेतलं.

अंदाजाने काही करायचं नाही, आधी मोजायचं, असं मी ठरवलं. दवाखान्यात सलाईनची काचेची बाटली होती, तिच्यावर मापाच्या रेघा होत्या. तिच्यात पेट्रोल भरून ती हँडलला उंच काठी बांधून उलटी टांगली आणि रबरी नळी इंजिनाला जोडली. शंभर मिलिलिटरमध्ये फटफटी किती जाते ते जवळच्या सव गावाच्या सपाट रस्त्यावर पाहायचं होतं. मी मागे बसून एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने बाटली धरली. डॉक्टर सावकाश चालवत होते. सवला गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला निघालेली मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"डाक्टर, आजारी हाय काय वो फटफटी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"अशक्तपणा आहे," डॉक्टर म्हणाले.

"मंग तिच्यावर डबल सीट कशाला बसलाव?"

डॉक्टर हसले. मी वहीत पाहत राहिले. मैलाच्या दगडांवरून किलोमीटर काढताना मान वर करायला सवड नसते, हे एक बरं असतं.

आठ दिवसांच्या मोजमापांतून जे निघालं ते असं. वाडीच्या वाटेवर पोलादपूर सोडलं की रस्ता एका खिंडीपर्यंत चढतो. खिंडीतून दीड मैल उतार, खाली ओढा, ओढ्यापाशी कुशाबा नावाच्या शेतकऱ्याचं घर. तिथून वाडीपर्यंतची शेवटची चढण म्हणजे नुसती गाडीवाट. तिच्यावर फटफटी पहिल्या गियरमध्ये, सगळा डोंगर डोक्यावर घेत, माणसाच्या चालीने चढते. या एका चढणीला जाऊन-येऊन आठशे मिलिलिटर लागत होतं. म्हणजे फटफटी ओढ्यापाशीच ठेवून डॉक्टर चालत वर गेले तर आठशे वाचले. खिंडीतून उतरताना इंजिन बंद ठेवलं, परतीचे उतारही तसेच काढले, तर साडेतीनशे. उरले शंभर. मी फटफटीची जादा पेटी काढली, दुसरा पाना काढला आणि डॉक्टरांचा रात्रीचा भात काढला.

माझ्या वहीत दोन रकाने होते. एकाचं नाव 'काम', दुसऱ्याचं 'वाया'. वायाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: उष्णता, घर्षण, आवाज. आवाजाखाली एक रेघही मारली होती. एवढा मोठा आवाज करून हे यंत्र शेवटी एक माणूस आणि एक थर्मास डोंगरावर नेतं, याचं मला वाईट वाटे. खिंडीपासून वाडीपर्यंत एक थेंब न जाळता पोहोचायचं, ही कल्पना मला फार सुंदर वाटली. ती अजूनही सुंदरच आहे. चूक तिच्या सौंदर्यात नव्हती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, आम्ही निघालो. माझं वजन सेहेचाळीस किलो. ते हिशेबात धरूनही पेट्रोल पुरत होतं, कारण डॉक्टरांनी तेवढा भात सोडला होता. शाळेला सुट्टी होती आणि मला प्रयोग शेवटपर्यंत पाहायचा होता. दासगावहून मासळीवाल्या चांगूकडून पहाटे बर्फ आणला होता. लस त्या बर्फात, बर्फ थर्मासात, आणि थर्मास माझ्या मांडीवर. सगळ्याला चांगूच्या मासळीचा वास.

खिंडीत डॉक्टरांनी इंजिन बंद केलं.

अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. चाकांखालची खडी ऐकू येत होती. करवंदीच्या जाळीतून एक भारद्वाज आमच्याकडे बघत राहिला, उडालाही नाही. ओढ्यापाशी आम्ही उतरलो तेव्हा अंगणात कुशाबा नाचणी पाखडणाऱ्या बायकोला काहीतरी सांगत होता. तो दचकला.

"आरं देवा! डाक्टर? कवा आलाव? फटफटी नाय आनलीत?"

"ही काय."

"मंग वाजली कशी नाय?"

"पेट्रोल वाचवलं," डॉक्टर अभिमानाने म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

कुशाबाने माझ्याकडे पाहिलं, फटफटीकडे पाहिलं, वर डोंगराकडे पाहिलं. त्याला काही बोलायचं होतं असं मला आता वाटतं. पण मी शहरातली मास्तरीण, हातात वही. तो बोलला नाही.

आम्ही तासाभरात चढून वाडीत पोहोचलो. वाडीत गुरं नव्हती.

एकही दिसत नव्हतं. गोठे उघडे, दावी मोकळी. एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिने आम्हाला पाहून पदर पुढे घेतला आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळाने कुडाआडून एक बाई आली. हातात कोयता, कपाळाला आठ्या. ती डॉक्टरांजवळ येऊन थबकली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाय गो! डाक्टर हाय! रामजी, आरं जंगलवाला नाय, डाक्टर हाय रे!"

ही बायजा. झाडावरून उतरलेला रामजी तिचा दीर. झालं होतं ते तिने एका दमात सांगितलं. अंगात खाकी, खांद्याला पिशवी, मागे वही घेतलेलं कुणीतरी, आणि आवाज न करता चढून येणारी ही जोडी रामजीने टेकाडावरून पाहिली. असा चोरपावलांनी येणारा खाकी माणूस वाडीला एकच माहीत होता. जंगलखात्याचा गार्ड. राखीव रानात गुरं चरताना सापडली की मोजून दंड करतो. रामजीने शीळ घातली. त्या शिळेसरशी तीन टेकाडांवरच्या गुराख्यांनी गुरं मागच्या दरीत उतरवली होती. आता ती गोळा करायची म्हणजे दिवस मावळणार.

"अहो, पण मी येणार हे कळवलं होतं ना? मंगळवार म्हणून?" डॉक्टर म्हणाले.

"कळवलंत. गेल्या सालीबी कळवलं होतंत," बायजा म्हणाली. "तीन मंगळवार गुरं बांधून ठेवली आमी. ऊन ह्ये असं. ना चारा ना पानी. तुमी आलाव नाय. मंग आमी ठरवलं, फटफटी खिंडीत वाजली की गुरं आनायची. तीनी टेकाडांवर येकदम आयकू येतं. तुमी चढून येस्तवर समदी दावणीला. कोन सांगायला जात नाय, बोलवायला जात नाय."

"हाक मारली तर?"

"हाक कोनीबी मारतो, डाक्टर. फटफटी तुमचीच हाय."

मी थर्मास उघडून पाहिला. बर्फाचा एक तुकडा उरला होता, सुपारीएवढा. दोन तासांनी लस ऊन झाली. डॉक्टरांनी ती खड्डा करून पुरली. खड्डा बुजवताना मी वही मिटून ठेवली. उतरताना बायजा आमच्याबरोबर वाडीच्या टोकापर्यंत आली. तिची म्हैस तेवढी तिथल्या कडेच्या गोठ्यात होती, कारण तिचे दिवस भरत आले होते; त्या गोंधळात हे तिने आधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. टोचायला हातात काही नव्हतं.

ओढ्यापाशी मी टाकीत काठी घालून पाहिलं. अर्धा लिटर आणि वर थोडंसं. तेवढ्यात, उतार बंद इंजिनाने काढले तर, आम्ही महाडला पोहोचत होतो. पण पोहोचलो की महिन्याचं पेट्रोल संपत होतं, आणि पुढचं जूनमध्ये. पाऊस आमच्या मंजुरीसाठी थांबणार नव्हता.

"लस आहे अजून. बर्फ मिळेल," डॉक्टर म्हणाले. "पोलादपूरपर्यंत एसटीने येईन, पुढे चालेन. पण गुरं?"

मी वहीतलं पान उलटलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच मी 'वाया'चा रकाना नीट वाचत होते.

"फटफटी इथेच ठेवू," मी म्हणाले. "तिने यायचं-जायचं नाही. नुसतं वाजायचं."

"म्हणजे मी तिला इथे सोडून एसटीने जायचं?" डॉक्टर म्हणाले. " महाडात लोक काय म्हणतील?"

"अशक्तपणा आहे म्हणा," मी म्हणाले.

आता अडचण एवढीच होती, की ओढ्यापाशी वाजवून उपयोग नव्हता. मधे कडा आडवा येतो, आवाज वर जात नाही. वाजायला हवी ती खिंडीत, आणि दीड मैलाच्या चढाला पेट्रोल घालवलं तर वाजायला उरतं थोडं. कुशाबा इतका वेळ ऐकत उभा होता. तो आता पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला.

"त्यात काय येवढं? माजे बैल हायत की. शुक्रवारी सकाळी नेऊन उभी करतो. तवर गोठ्यात ऱ्हाईल."

अशी आमची फटफटी गोठ्यात गेली.

शुक्रवारी आम्ही पहाटेच्या एसटीने पोलादपूरला उतरलो. महाडच्या स्टँडवर रावजीभाऊ भेटले होते. डॉक्टरांच्या हातात थर्मास आणि पायात वहाणा पाहून म्हणाले, "विकली ना शेवटी? मी सांगत होतो, डांबरगोळ्या चालू ठेवा." डॉक्टरांनी खिडकी ओढून घेतली. पोलादपूरपासून आम्ही चालत खिंड गाठली. आम्ही वर पोहोचलो तेव्हा पलीकडून एक मिरवणूक चढत होती. पुढे कुशाबाची बैलजोडी, मागे दोरखंडाला बांधलेली फटफटी, तिच्यावर हँडल धरून ताठ बसलेला कुशाबा. त्याच्या बायकोने तिच्याखाली गवताचा पेंढा अंथरला होता, त्याच्या काड्या चाकात अडकलेल्या. दिव्यावरची काच म्हशीने चाटून स्वच्छ केली होती.

खिंडीत तिला उभी केली. डॉक्टरांनी किक मारली. पहिल्या दोन वेळा ती रुसली, तिसऱ्या वेळी लागली.

मी घड्याळ धरलं होतं. तीन मिनिटं. बैल बुजले, कुशाबा त्यांना घेऊन लांब गेला. मी त्या फटफटीवर सहा वर्षं मागे बसले आहे, पण तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो दरीत उतरतो, समोरच्या कड्यावर आपटतो आणि तिथून वर पसरतो. दुसऱ्या मिनिटाला समोरच्या टेकाडावर काहीतरी हललं. मग दुसऱ्या टेकाडावर. झाडीतून काळे, तांबडे ठिपके बाहेर पडू लागले आणि एकाच दिशेने सरकू लागले. डॉक्टर तेवढ्यातच थर्मास उचलून उताराला लागले होते. मागे न वळता त्यांनी हात वर केला, तो मला होता की गुरांना, मला कळलं नाही.

त्या दिवशी एकसष्ट गुरं टोचली. शेवटची बायजाची म्हैस. तिला पुढच्या सोमवारी पारडी झाली, असं नंतर कळलं. म्हणजे टोचल्यानंतर तीन दिवसांनी. तारखा मी नंतर पडताळून पाहिल्या. उरलेलं पेट्रोल महाडपर्यंत पुरत नव्हतं, म्हणून कुशाबाने फटफटी परत गोठ्यात नेली. पाऊस त्या वर्षी लवकर, शुक्रवारी रात्रीच लागला. खिंडीचा रस्ता चिखलात गेला, आणि फटफटीला सबंध पावसाळा गोठ्यात काढावा लागला. एसटीत पेट्रोलचा डबा घेऊन चढू देत नाहीत, नाहीतर मी प्रयत्न केला असता.

महिन्याअखेरीला कचेरीचं पत्र आलं. डॉक्टरांनी फिरतीच्या तक्त्यात खरं तेच भरलं होतं: शुक्रवारी फटफटीने काटलेलं अंतर शून्य, जाळलेलं पेट्रोल साठ मिलिलिटर. हेडक्लार्कने लाल शाईत विचारलं होतं, वाहन उभे असताना पेट्रोल कसे खर्च झाले? उत्तर मी लिहून दिलं: गुरे गोळा करण्यासाठी. त्यावर आलेल्या पत्रात म्हटलं होतं, की पेट्रोल फक्त प्रवासासाठी मंजूर आहे. गुरे गोळा करणे हे गुराख्याचे काम आहे. साठ मिलिलिटरची वसुली झाली. रावजीभाऊंना वाटलं, काहीतरी मोठी अफरातफर आहे, आणि ते दोन दिवस आमच्याशी अतिशय आदराने वागले.

भाद्रपदात बायजा महाडच्या बाजाराला आली, ती दुपारी आमच्या दारात. डोक्यावर तुपाचा डबा. पेट्रोल तेव्हा पुन्हा वाढायचं आहे अशी बोलवा होती, आणि मी वही घेऊनच बसले होते. मी पाणी दिलं. ती पायरीवर टेकली.

"गुरं कशी आहेत?" मी विचारलं.

"हायत. समदी हायत, डाक्टरीणबाय. यंदा येकबी नाय गेलं." मग तिने घरात डोकावलं, डॉक्टर नाहीत असं पाहिलं, आणि आवाज खाली केला. "येक सांगायचं व्हतं. राग नाय ना येनार?"

"सांगा ना."

"पुढल्या खेपंला जरा वायच जास्त वाजवा. माजी सासू टोकाच्या टेकाडावर बकऱ्या घेऊन असती. तिला कमी आयकू येतं."

मी वही उघडली. 'काम' या रकान्यात, आता तिथे आलेल्या आवाजाच्या खाली, लिहिलं: सासूबाईंसाठी वीस मिलिलिटर.